सर्व्हरवरचा पहिला मान

गोरक्षचं एक दुखणं होतं आणि ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. त्याला कोणाला नाही म्हणता यायचं नाही. बाकी पोरगा गुणाचा. मखमलाबादला घरची फुलशेती, नाशकातल्या द्वारका चौकात आईचं फुलांचं दुकान, आणि त्या दुकानाच्या माळ्यावर झेंडूच्या करंड्या बाजूला सारून ह्या गड्याने मांडलेला सर्व्हर. सर्व्हर म्हणजे फार काही मनात आणू नका. टेबलाखाली ठेवलेला एक कंप्युटर, एका बाजूचं झाकण काढून टाकलेलं, लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर आणि त्याला शेजारच्या गॅरेजमधून आणलेली ट्रकची बॅटरी. माळ्यावर पंखा एकच. त्याचं तोंड कंप्युटरकडे आणि गोरक्ष घामाने निथळतोय, असं तिथलं नेहमीचं दृश्य.

साल दोन हजार सहा. नाशकात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. शहाणे लोक कुठल्या तरी परदेशातल्या मशिनवर जागा भाड्याने घेऊन आपली साइट ठेवायचे. गोरक्ष म्हणायचा, कशाला? आपली साइट आपल्या माळ्यावर. त्याच्या मशिनवर पहिली साइट बसली ती अर्थातच आईची. आई म्हणजे सिंधुबाई, ‘सिंधू फुलभांडार’च्या मालकीण. नवरा गेल्यापासून दुकान, शेत आणि पोरगा ह्या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात चालवल्या होत्या, आणि तो आवाज द्वारकेच्या चौकात ट्रकच्या हॉर्नवरही चढायचा. साइट म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं, पण तिच्यावर आपला टोपली घेतलेला फोटो आहे एवढं त्या गिऱ्हाइकाला दोनदा सांगायच्या.

आता मुद्द्याची गोष्ट. गोरक्षचं लग्न ठरलं होतं. म्हणजे सुपारी फुटली होती, तारीख निघायची होती. मुलगी चांदवडची, सायली. दोघं कॉलेजात एका वर्गात होते आणि त्यांनी आपलं आपण कधीच जमवलं होतं. जगाला दाखवायला मध्ये झुंबरबाईंना घातलं. झुंबरबाई दोन्हीकडच्या लांबच्या नात्यातल्या. हे स्थळ आपणच शोधलं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि कोणी ते खोडून काढत नव्हतं.

अडलं होतं ते सायलीच्या वडिलांपाशी. गोटीरामशेठ, चांदवडचे कांद्याचे व्यापारी. माणूस दिलदार, पण मानाला भारी हळवा. लग्नात पंगतीला कोणी उशिरा हाक मारली तर हा माणूस उपाशी घरी जायचा आणि पुढची पाच वर्षं ते सांगत फिरायचा.

"पोरगा करतो काय?" त्यांनी झुंबरबाईंना विचारलं. "माळ्यावर बसतो आन् पंखा कंप्युटरला लावतो. ह्याला धंदा म्हनायचा का? ओझरला कारखान्यात नोकरीला असलेलं एक स्थळ हाय माझ्याकडं. पोरीला हा पसंत हाय म्हनून गप हाय मी. माझी साइट काढा म्हनावं. चार लोकांनी बघितली पायजे. चार लोकांनी बघितली, की मंग तारीख."

गोरक्षने साइट काढली. काढली म्हणजे काय केलं? आईची साइट उचलली, फुलांचे फोटो काढून कांद्याचे लावले आणि नाव बदललं. मागणी नोंदवायच्या चौकटी होत्या त्याही तशाच ठेवल्या: किती किलो, कुठे, कोणत्या तारखेला. माल कोणता, हे विचारायची गरजच काय, एका दुकानात एकच तर माल. सगळे वेब डेव्हलपर असंच करतात. आयतं उचलायचं, चिकटवायचं आणि चहाला जायचं. मग बोंबलतात.

पण खरी मेख चौकटींत नव्हती, फाइलीत होती. एका मशिनवर पाच-सहा साइटी असल्या, की मशिनला एक फाइल लिहून द्यावी लागते. ह्या नावाने कोणी आलं तर हे घर दाखव, त्या नावाने आलं तर ते. आणि एखादा असं नाव घेऊन आला की जे फाइलीत नाहीच, तर? मशिन काही हात जोडून माफ करा म्हणत नाही. ते त्याला सरळ फाइलीतल्या पहिल्या साइटीवर नेऊन सोडतं. गल्लीत नवा आलेला पोस्टमन कसा, नाव लागलं नाही की पहिल्या घरात पत्र टाकून मोकळा होतो, तसं. म्हणून सांगतो, साइटीचं नाव फाइलीत दोन्ही तऱ्हांनी लिहा रे बाबांनो, पुढे तीन डब्ल्यू लावून आणि न लावता. एक जादा ओळ लागते. गोरक्षने तीन डब्ल्यूवालं तेवढं लिहिलं होतं. एका साइटीला दोन नावं देता येतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तिकडे चांदवडला गोटीरामशेठनी आपल्या टेंपोच्या पाठीवर साइटीचं नाव रंगवायला दिलं. पेंटरने आधी मोठ्ठा कांदा काढला, त्याला दोन पानं काढली, आणि मग नावाला जागा उरेना. त्याने पुढचे तीन डब्ल्यू गाळून टाकले. एकसारखी तीन अक्षरं, वाचून कोणाचं काय भलं होणार, असा त्याने विचार केला असावा. पेंटरला काय बोलणार?

गोटीरामशेठ चार व्यापारी गोळा करून बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत गेले. सगळ्यांना चहा सांगितला. टेंपोच्या पाठीवरून कागदावर उतरवून आणलेलं नाव कॅफेवाल्याने टाइप केलं. पान हळूहळू, वरून खाली उघडायला लागलं. आधी झेंडूची माळ आली. मग मोगऱ्याचा गजरा. आणि मग टोपली हातात घेऊन हसणाऱ्या सिंधुबाई.

एक व्यापारी म्हणाला, "शेठ, कांदा सोडला काय? गजरे लावले का विकायला?"

सगळे खो-खो हसले. गोटीरामशेठनी चहाचा कप खाली ठेवला आणि कोणाशी एक शब्द न बोलता टेंपो काढला तो थेट द्वारकेला. सायलीला कळलं तशी ती धावत येऊन शेजारी बसली, म्हणून तीही आली. टेंपो भर चौकात उभा राहिला, मागे एस्ट्या कोकलायला लागल्या, आणि गोटीरामशेठ माळ्याचा जिना चढले.

"माझ्या दारावर दुसऱ्याची पाटी!" ते गरजले. "माझं नाव घालून इहिनबाईंचा फोटो! चांदवडात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली तुम्ही, गोरक्षराव!"

गोरक्षने त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, मशिन तापेल म्हणून परत वळवला, आणि सगळं समजावून सांगितलं. तीन डब्ल्यूचं सांगितलं. फाइलीचं सांगितलं. "मशिनला नाव ओळखू आलं नाही मामा, म्हणून त्याने पहिल्या घरी नेलं. तुमचा काही दोष नाही, मशिनचाही नाही."

आता ह्यातलं गोटीरामशेठच्या कानात नेमकं काय शिरलं? डब्ल्यू नाही शिरले. मशिन नाही शिरलं.

"पहिलं घर कोनाचं?" त्यांनी विचारलं.

सायलीने बापाच्या पाठीमागून दोन्ही हात हलवून नको नको केलं. पण गोरक्षला खोटंही बोलता यायचं नाही.

"आईचं," तो म्हणाला.

"आन् माझं कितवं?"

"पाचवं."

गोटीरामशेठ उभे राहिले. मुलीच्या बापाला पाचव्या नंबरावर! अहो, लग्नाआधीच ही तऱ्हा, तर लग्नात काय मांडवाबाहेर बसवणार का? "ओझरवाल्यांना मी आजून नाय म्हनलेलो नाय," ते शांतपणे म्हणाले, आणि ते शांतपणे म्हणाले म्हणूनच गोरक्ष ताडकन कीबोर्डकडे वळला.

"तुम्हाला पहिलं करतो ना मामा," तो घाईघाईने म्हणाला. "आत्ता करतो."

त्याने गोटीरामशेठच्या ओळी उचलल्या आणि फाइलीत सगळ्यांत वर नेऊन ठेवल्या. गोटीरामशेठनी अक्षरं मोठी करायला लावून स्वतः खात्री केली. खालून नारळ आणवला. तो सर्व्हरपुढे फोडतो म्हणाले. पाणी आत जाईल म्हणून गोरक्षने गयावया केली तेव्हा जिन्याच्या पायरीवर फोडला, पहिला तुकडा मशिनवर ठेवला, आणि जावईबापू जावईबापू करत खाली उतरले. गोरक्षने तुकडा उचलून खाल्ला. आपण एक मोठं संकट टाळलं असं त्याला वाटलं. त्याच्या त्या हुशार डोक्यात हे का आलं नाही, की वर एक चढला म्हणजे खाली एक उतरला?

देवळाली कॅम्पात एका सुभेदारसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना सिंधुबाईंच्या दुकानाचं हँडबिल मिळालं होतं. आणि त्या हँडबिलावरही, छापणाऱ्याचं भलं होवो, डब्ल्यू नव्हते. सुभेदारसाहेबांनी कॅम्पातल्या कॅफेत जाऊन ते नाव टाइप केलं, आणि मशिनने त्यांना नेलं ते गोटीरामशेठच्या कांद्यावर. तरी त्यांना ते कळलं असतं, पण तेव्हाचे मराठी फाँट तुम्हाला आठवत असतील. ते त्या कंप्युटरवर टाकलेले नसले की सगळं पान म्हणजे मुंग्यांची रांग. फोटो तर कॅफेवाल्याने बंदच ठेवले होते, पान लवकर उघडावं म्हणून. वाचता येत होत्या त्या फक्त इंग्रजीतल्या चौकटी. किती किलो? पंचवीस. कुठे? देवळाली कॅम्प. कधी? लग्नाच्या दिवशी सकाळी. साहेबांनी बटण दाबलं, आणि झेंडूची चिंता मिटली म्हणून ते आचाऱ्याच्या मागे लागले.

चांदवडला कॅफेवाल्याने छापून दिलेला कागद गोटीरामशेठच्या हातात पडला. इंटरनेटवरून आलेली आयुष्यातली पहिली मागणी! मागणी लहान होती, पण माणूस हरखून गेला. त्याने लाल कांदा एकेक हाताने निवडला, फडक्याने पुसला, नव्या गोणीत भरला आणि स्वतः नेऊन वेळेआधी पोचवला. उत्तम व्यवहार. नाव ठेवायला जागा नाही.

मांडवात डेकोरेशनची पोरं सुई-दोरा घेऊन बसली होती. गोणी उघडली. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, मग सुभेदारसाहेबांकडे. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. दाराशी वऱ्हाड येऊन ठेपलेलं, बाजार लांब, आणि साहेबांची सगळी नोकरी आहे त्या सामानात भागवण्यात गेलेली.

"जे आलंय ते ओवा," त्यांनी हुकूम सोडला.

पोरांनी कांदे ओवले. दाराला कांद्याचं तोरण, खांबांना कांद्याच्या माळा, बोहल्याच्या वर कांद्याची झालर. दिसायला वाईट नव्हतं असं बघणारे सांगतात. पण सुई घातलेला कांदा तो, त्याने आपलं काम सुरू केलं. मंगलाष्टकं लागली आणि नवरी रडायला लागली, ते ठीक. मग नवरा रडायला लागला. मग नवऱ्याचे मित्र, मग बँडवाले, मग भटजी. सनईवाल्याला सूर धरवेना. वरमाय तर म्हणाली, एवढी माया लावणारी माणसं आम्हाला कुठे मिळाली असती! आणि तिने विहीणबाईंना मिठीच मारली.

सुभेदारसाहेबांनी तक्रार केली नाही. पण हे प्रकरण फुलबाजारात पोचलं नसतं तर तो फुलबाजार कसला? सिंधू फुलभांडारने मांडवाला कांदे लावले, अशी आवई सकाळच्या लिलावातच उठली. सिंधुबाई दुकान तसंच टाकून माळ्यावर आल्या. जिना दणाणला.

"माझ्या नावानं कांदे?" त्या म्हणाल्या. "अरे, पावसात गेले, कर्फ्यूत गेले, ताप अंगात घेऊन गेले, पन एक मांडव बिनफुलाचा राहू दिला नाय मी! आन् तू घरात बसून माझे कांदे केले!"

गोरक्षने पुन्हा समजावलं. फाइल, नाव, पहिलं घर. त्याचा आवाज प्रत्येक शब्दाला खाली जात होता.

"म्हंजे पहिलं नाव माझं होतं," सिंधुबाई म्हणाल्या, "आन् तू काढून सासऱ्याचं लावलं."

"आई, ते तसं नसतं गं..."

"बायको आजून घरात आली नाय, तर आई दुसरी! ऐकून ठेव. माझं नाव वर जाईपर्यंत चांदवडच्या वेशीत मी पाऊल ठेवायची नाय. कर लग्न, आईबिगर कर!"

झालं. गोरक्षने दुपारी आईला वर केलं. सायलीकडून ते चांदवडला कळलं तसा गोटीरामशेठचा फोन आला: नाव खाली, तर सुपारी परत. संध्याकाळी त्याने गोटीरामशेठना वर केलं. एक दिवस आई, एक दिवस सासरा, असंही करून पाहिलं; मग चतुर्थी कोणाच्या वाट्याला, यावरून दोन्हीकडचे फोन वाजायला लागले. पोरगा वाळला. जेवताना हातातला घास तसाच राहायचा.

"तुला काही कळतं का रे?" सायली फोनवर चिडून म्हणाली. "तू ओळी काय वरखाली करत बसलायस? आप्पा ओझरवाल्यांना रविवारी घरी बोलावणार आहेत. आणि मी सांगून ठेवते, मी त्यांच्यासमोर पोहे घेऊन जाणार नाही, पण तूही काहीतरी कर की!"

सायली मग स्वतः नेटवर बसली, हुडकून हुडकून तिने ती एका साइटीला दोन नावं देण्याची ओळ शोधून काढली आणि गोरक्षला फोनवर सांगितली. गोरक्षने ती प्रत्येक साइटीच्या खाली घातली. आधी फाइलीची एक नक्कल बाजूला ठेवली, हे मात्र त्याने शहाण्यासारखं केलं. मग मशिनला फाइल तपासायला लावली, चूक नाही म्हटल्यावरच पुन्हा चालू केलं. डब्ल्यू लावा, नका लावू, आता कांदा मागणारा कांद्यावर जात होता आणि फूल मागणारा फुलावर. पहिलं कोण, पाचवं कोण, ह्याने काडीचा फरक पडत नव्हता. गोरक्षला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय? झुंबरबाईंनी शनिवारी बैठक बोलावली. लग्नाची याद, म्हणजे मानपानाची यादी, करायला जशी बैठक बसते, तशीच. जागा कुठली, तर माळा, कारण भांडण जिथे आहे तिथेच मिटवावं असं झुंबरबाईंचं म्हणणं पडलं. एका सतरंजीवर सिंधुबाई भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या सतरंजीवर गोटीरामशेठ खिडकीकडे तोंड करून, शेजारी सायली. मध्ये झुंबरबाई आणि पोह्यांची परात. पंखा सर्व्हरला.

"आता काही चूकच राहिली नाही," गोरक्षने हात जोडून सांगितलं. "कोणाचंही नाव कुठेही असलं तरी सगळं बरोबर चालतं. पहिल्याला काही जास्त नाही, पाचव्याला काही कमी नाही."

"ते चालतं ते चालू द्या," गोटीरामशेठ म्हणाले. "पहिलं कोन ते सांगा."

"हां," भिंतीकडे तोंड करूनच सिंधुबाई म्हणाल्या. "ते सांग." इतक्या दिवसांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

झुंबरबाई म्हणाल्या, याद वाचून दाखव. गोरक्षने फाइल वाचायला घेतली. एका ओळीपाशी पडद्याकडे तिरकं बघत गोटीरामशेठनी हात वर केला. "थांबा. ह्या ओळीच्या आधी ही जाळी कसली?"

"ती खूण आहे मामा, हॅश म्हणतात तिला. ती लावली की मशिन ती ओळ वाचत नाही. फक्त माणसांसाठी असते. आपल्याला समजावं म्हणून."

"फक्त मान्सांसाठी?" गोटीरामशेठचे डोळे चमकले. "मंग माझ्या नावावर तशी एक ओळ टाका. श्रीमान गोटीरामशेठ, चांदवडकर. मशिनच्या वाचण्याला कोन विचारतो? मान्सांनी वाचलं पायजे."

गोरक्षने टाकली. नाही कसं म्हणणार?

"माझ्यावर दोन टाक," सिंधुबाई म्हणाल्या. "तुझ्या वैकुंठवासी वडिलांचं नाव पन घाल. आन् मखमलाबादकर."

"आमच्या आज्यानं चांदवडात धर्मशाळेला फरशी दिली होती," गोटीरामशेठ म्हणाले. "ते घ्या."

झुंबरबाईंनी आपलंही नाव मध्यस्थ म्हणून घालायला लावलं. करता करता फाइलीचा वरचा भाग असा फुगला, की मशिनच्या कामाची पहिली ओळ पडद्यावरून खाली गेली. जाळीच जाळी आणि श्रीमान-श्रीमती. सायली तोंडाला ओढणी लावून बसली होती. हसतेय की रडतेय हे गोरक्षला कळेना, आणि ते न कळणं त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

"आप्पा," सायली शेवटी म्हणाली, "आपल्याकडे लग्नाची पहिली पत्रिका कोणाला ठेवतात?"

"गनपतीला. हे काय इचारनं झालं?"

"मग इथंही पहिली साइट गणपतीची करा. एक पान, त्यावर गणपती, बाकी काही नाही. नाव चुकलेला कोणीही आला, तर देवापाशी जाईल."

गणपतीच्या खाली बसायला कोणाची ना असणार? सिंधुबाईंनी भिंतीकडचं तोंड थोडं वळवलं. गोटीरामशेठनी खिडकी सोडली. झुंबरबाईंनी परात पुढे सरकवली. गोरक्षने तिथल्या तिथे पान बनवलं, कॅलेंडरवरचा गणपती स्कॅन करून लावला, आणि सगळ्यांच्या वर नेऊन बसवला. सगळ्यांनी बसल्या जागी हात जोडले. गोटीरामशेठनी पोह्यांचा एक घास घेतला, चावला, गिळला.

"झाक झालं," ते म्हणाले. "आन् दोन नंबरला?"

सिंधुबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या.

आणि मग गोरक्षचं काहीतरी झालं. तो उठला. त्याने एक कळ दाबली, दुसरी दाबली, आणि टेबलाखालचं घोंगावणं थांबलं. त्याने पंखा उचलून सर्व्हरकडून फिरवला आणि आपल्या तोंडावर घेतला. महिनोन् महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या कपाळाला वारा लागला.

"सर्व्हर बंद केलाय," तो म्हणाला. आवाज त्याचा होता, पण चढ आईचा होता. "कांदापण बंद, फुलंपण बंद. ऐन लगीनसराई आहे. गिऱ्हाइकं येऊन परत जातील, जाऊ देत."

"आरं पन..." गोटीरामशेठ जावईबापू म्हणायचंही विसरले.

"नाही," गोरक्ष म्हणाला. सिंधुबाईंनी गर्रकन मान वळवली. हा शब्द ह्या पोराच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. "दोन नंबरला कोण, मी सांगतो. दोन नंबरला मी आणि सायली."

त्याने खुर्ची ओढली आणि टाइप करायला बसला. फाइलीतल्या सगळ्या श्रीमान-श्रीमती, धर्मशाळेच्या फरशीसकट, एका फटक्यात पुसून टाकल्या. गणपतीखाली नवी साइट लिहिली. एक साधं पान: चिरंजीव गोरक्ष आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सायली यांचा विवाह.

"आन् आमची नावं?" सिंधुबाईंनी विचारलं. ह्या वेळी हळू.

"खाली. निमंत्रक म्हणून. आई, सांग मला, कुठल्या पत्रिकेत आईबाप वर असतात? सगळ्यांत खाली असतात. कारण लग्न त्यांच्या जिवावर उभं असतं." त्याने पडद्याच्या तळाकडे बोट दाखवलं. "तुम्ही दोघं खाली नसाल तर वरच्या दोन नावांना काय अर्थ आहे? मला हिच्याशी लग्न करायचंय. फाइलीशी नाही. तारखेची जागा मोकळी ठेवलीय. ती भरेपर्यंत मशिन चालू होणार नाही."

खाली चौकात ट्रकवाले एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते. गोटीरामशेठनी सायलीकडे बघितलं. तिने ओढणी तोंडावरून काढली होती. ती रडत होती आणि बापाकडे न बघता त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. अशी ती लहानपणी जत्रेत पाळण्याकडे बघायची, आणि तेव्हाही गोटीरामशेठचं काही चालायचं नाही.

"इहिनबाई," ते खाकरून म्हणाले, "आखाजी कशी वाटते? मुहूर्त बघायला नको."

"मी तेच म्हननार होते," सिंधुबाई म्हणाल्या. "आखाजी. फुलं दोन्हीकडची माझी. मांडवाला कांदा लावायचा नाय, आत्ताच सांगते."

"पंगतीला तर लावू द्या!"

"पंगतीला लावा."

गोरक्षने अक्षय्य तृतीयेची तारीख भरली. घाईत दोनदा चुकली. मशिनला फाइल तपासायला लावली. ते म्हणालं, चूक नाही. कळ दाबल्यावर टेबलाखाली घोंगावायला लागलं आणि पान उघडलं. खाली, अगदी तळाला, निमंत्रक: सिंधुबाई आणि गोटीरामशेठ, एका ओळीत. ही ओळ डावीकडून वाचतात, त्यामुळे सिंधुबाईंचं नाव आधी येत होतं. गोटीरामशेठच्या ते लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडलं, जावयाकडे बघितलं, पंख्याच्या वाऱ्याने त्याचे उडणारे केस बघितले, आणि पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला.